फिलूमावशी एकदाच बोलली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच.

मी बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढले. उमेळ्याच्या आमच्या घरात झोपायची गादीसुद्धा गठ्ठे सरकवून घालावी लागे. बाबांचा एक नियम होता — कुणाच्या तोंडचं वाक्य छापायचं, तर आधी त्याला वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला, तर खोडायचं. हा नियम मी किती जणांना तावातावानं सुनावलाय! आणि स्वतः?

मी एका ऐतिहासिक मालिकेचे संवाद लिहिते. किल्लेदाराची बायको त्याला शेवटच्या लढाईवर धाडताना म्हणते, ते वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल — ‘जा. घरात बसलेला नवरा मला मेलेलाच.’ लोकांच्या अंगावर काटा आला. पोरींनी त्यावर रील केली. वाहिनीनं ते मालिकेच्या जाहिरातीत घातलं, रोज वाजू लागलं.

ते वाक्य माझं नाही.

पाचूबंदरची फिलूमावशी आमच्याकडे मासळी घेऊन येते. वारा सुटला होता, नवरा होडी काढायला तयार नव्हता, तेव्हा ती त्याला हे बोलली. तो गेला. परत आला नाही. हे तिनं फक्त मला सांगितलं — आमच्या ओट्यावर, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. मी तिचा हात धरला होता. आणि मनात — कसं सांगू? — मनात ते वाक्य घोकत होते. विसरू नये म्हणून.

तिला वाचून दाखवलं नाही. नको म्हणाली असती, म्हणूनच नाही.

मग एका दुपारी ती पाटी न घेता आली. “सासू रोज प्रार्थना झाली का टीवी लावते,” म्हणाली. “तुझी ती बाई बोलली का म्हातारी टाळ्या वाजवते. मला म्हनते, बाई असावी तर अशी! तिचाच पोर गेला ना गं, बाय. जाहिरातीतनं तरी काढ ते.”

काढता आलं असतं? निदान विचारता आलं असतं. मी म्हणाले, “मावशी, असं सगळ्याच बायका बोलतात. तुझं नाव लिहिलंय का त्यावर?”

ती जायला वळली. “मी एकदाच बोलले होते, बाय. तू रोज बोलायला लावतेस.”

ती फाटकाबाहेर पडायच्या आत मी तिचं हेही वाक्य वहीत उतरवलं होतं. काही दिवसांनी किल्लेदाराच्या विधवेनं नवऱ्याच्या तलवारीकडे बघत ते म्हटलं. तेही गाजलं.