कान माझा, माइक मॅडमचा

मला काही सांगायची हौस नाही. चहाच्या गाड्यावर बसलं की तुम्ही सगळे "बापू, ते मशीनचं सांगा की!" म्हणून मागं लागता आणि माझा चहा गार होतो. चौथीत शाळा सुटली माझी, लिहिणं तर त्याहून अवघड. पण फौंड्रीत किस्से भट्टीच्या काजळीसारखे साठतात. आज झाडा, उद्या परत तेवढेच! म्हणून एकदाच लिहून टाकतो. परत विचारू नका.

आधी माझं काम. आमच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत गाड्यांना लागणारी कास्टिंगं, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, ओततात. गार झाली की मी ती हातोडीनं वाजवून बघतो. चांगलं असलं तर 'ठण्ण'! आत चीर असली तर 'बद्द'. बद्द वाजलं की बाजूला. तीस वर्षं हेच. जोडीला निपाणीकडचा इरण्णा. मी वाजवायचं, त्यानं खोक्यात भरायचं.

*

स्वप्नाली मॅडम नवीन लागल्या. गारगोटीची पोरगी, माल तपासणीची इंजिनियर, पायाला चाकं लावल्यासारखी! पहिल्याच आठवड्यात तिनं कॉलेजातला खिशात मावणारा रेकॉर्डर माझ्या टेबलावर ठेवला. "बापू, इथला गोंगाट मला घरी जाऊन नीट ऐकायचाय."

मी म्हटलं, "आमी घरी जातोय ते ह्यो ऐकू नये म्हणून, आन् तुमी घरी न्हेऊन ऐकताय?"

माइकवर काळा स्पंज होता, वाऱ्याची घूंघूं येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी गायब! अर्धी फौंड्री पालथी घातली. शेवटी नळावर सापडला. इरण्णा त्यानं चहाचे ग्लास घासत होता!

"यप्पा! मला वाटलं पॅकिंग हाय!"

"अहो इरण्णा, माइकला घालायचं असतं ते!"

"एवढ्या उकाड्यात माइकला टोपरं कशाला, मॅडम?"

टोपरं धुऊन परत चढवलं. रेकॉर्डर मग टेबलावरच राहिला. सकाळी चालू, संध्याकाळी बंद. आम्ही त्याला विसरूनही गेलो.

*

मग गिऱ्हाइकाकडून एक अख्खी गाडी परत आली. निम्म्या मालाला चिरा!

प्रॉडक्शन मॅनेजर नलवडे साहेब. त्यांनी मालकांसमोर, सगळ्या कामगारांसमोर माझ्याकडं बोट केलं. "बापूंचा कान गेलाय. आता मशीन आणायला पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, त्या मालाचं मी तुमाला तवाच सांगितलतं!"

"कवा? कुणी ऐकलं?"

मी इरण्णाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत राहिला. त्याच्या घरी चार पोरं आहेत.

टेबल गेलं असतं तर गेलं असतं. पण तीस वर्षांनी बहिरा म्हणून घरी जायचं? मी मालकांना म्हटलं, "आणा मशीन! फकस्त माझ्यासमोर निवडायचं!"

*

नलवडे साहेबांना घाई. "मशीन कशाला? मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप फुकट मिळतंय की!"

टेबलावर तीन मोबाईल मांडले. मॅडमचा, साहेबांचा, इरण्णाचा. तिन्हीवर तेच ॲप. मी एकच ठोका मारला. ठण्ण! तिन्हीवर तीन आकडे!

"यातला खरा कुठला म्हणायचा?" मॅडम डोकं खाजवायला लागल्या.

इरण्णा म्हणाला, "असं कसं मॅडम? मोबाईल कुणाचा हाय ते बघा की! साहेबांचाच खरा!"

साहेबांनी मान डोलावली हो!

*

मग हातात धरायचा मीटर आला, टीव्हीच्या रिमोटएवढा. आवाज किती मोठा ते दाखवायचा. ठरलं असं, की जास्त आकडा म्हणजे माल पास.

हातोडी नलवडे साहेबांनी स्वतः घेतली. चिरलेलं कास्टिंग मुद्दाम मी पुढं सरकवलं. साहेबांनी दोन्ही हातांनी असा घाव घातला, की मीटरचा आकडा टोकाला! पास! मग मी चांगलं कास्टिंग हळूच टिचकावलं. नापास!

साहेब म्हणाले, "मीटर बिघडलाय."

मी म्हटलं, "साहेब, मोठ्यानं वरडतोय त्योच खरा असता, तर गावानं तुमचं देऊळ बांधलं असतं!"

त्या दिवशी मला डबा खायला सुट्टी मिळाली नाही. पण मजा आली!

*

पुढं लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर ट्रायलला आलं. हे आवाजाचं चित्र काढायचं. साहेब म्हणाले, एसी केबिनमध्ये बघू. मी अडलो. "बायका साधं मडकं घ्यायचं तर वाजवून घेत्यात. तुमी मशीन सावलीत बसून घेणार? भट्टीजवळ आणा!"

आणलं. तिथं प्रत्येक कास्टिंग नापास! मॅडम रडकुंडीला आल्या. मी बघितलं तर कास्टिंग लोखंडी टेबलावर पसरून ठेवलेलं. उचललं, माझ्या दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवलं, वाजवलं. ठण्ण! हिरवा दिवा!

"बापू, असं का होतं?"

"छातीवर कुणी बसल्यालं आसताना गाणं म्हणता येतंय व्हय, मॅडम?"

मग तिनं पडद्यावर दाखवलं. चांगल्याचं एक उंच टोक, मागं लांब शेपूट. चिरलेल्याचं टोक फुटून दोन झालेली, शेपूट तोकडं. अंगावर काटा आला माझ्या! तीस वर्षं जे कानात होतं, ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं! मी पाठ फिरवून उभा राहिलो, तिनं वीस कास्टिंगं वाजवली. एक माझं चुकलं. हे मीच सांगतो, नाहीतर साहेब सांगतील.

*

शेवटचा डेमो मालकांच्या केबिनमध्ये. मालक, नलवडे साहेब, मॅडम, मी, इरण्णा. सॉफ्टवेअर विकणारा पुण्याचा पावणा टाय लावून आलेला. "कितीही गोंगाट असू द्या, आमचं सॉफ्टवेअर ग्राइंडरची घरघर पुसून टाकतं!"

मालक म्हणाले, "मग आमच्याच शॉपमधलं काहीतरी लावा."

मॅडमनी तो जुना छोटा रेकॉर्डर जोडला आणि एक फाईल लावली. सहज लावली की शोधून लावली, ते मी आजवर विचारलेलं नाही.

आधी नुसता घर्रर्र. कुणाला काही कळेना. पावण्यानं एक बटण दाबलं. ग्राइंडर गेला! आणि आत माझी हातोडी. बद्द. बद्द. बद्द. मग माझा आवाज, "साहेब, ही गाडी सोडू नका. माल बद्द बोलतोय."

मग दुसरा आवाज, "बापू, तुमचा कान घरी ठिवून येत जावा. गाडी उभी हाय. इरण्णा, भर!"

मालकांनी नलवडे साहेबांकडं मान वळवली.

पावण्याला कसला पत्ता! तो खुशीत येऊन म्हणाला, "बघितलं? माणूस कोण आहे तेसुद्धा ओळखू येतं!"

मालक म्हणाले, "आलं की. हेच घ्या."

मशीन आलं, माझ्या टेबलाला टेबल लावून बसलं. मालक स्वतः आले, माझा हात धरून 'चुकलं' म्हणून गेले. इरण्णा पाया पडायला वाकला, त्याला मी शिवी घालून उठवलं. 'चुकलं' हा शब्द अजून एकाच्याच तोंडून यायचा आहे. मॅडमचा रेकॉर्डर त्यासाठी रोज चालू असतो.

तो एक कोण, तेही लिहून ठेवतो: दिनकर नलवडे.