वणव्यानंतरचा उतार

परवा टोकावड्याला एस.टी.ची वाट पाहत उभी होते. कुणीतरी शेतात पालापाचोळा जाळत होतं. त्या धुराच्या वासासरशी मी वीस-बावीस वर्षं मागे गेले.

सिद्धगडाच्या बाजूचा तो बोडका उतार. पाऊस लांबला तरी तग धरतील अशी ऐन, करंज, मोहाची रोपं मी पायथ्याच्या वाडीतल्या लोकांबरोबर तिथे लावली होती. दोन उन्हाळे ती जगली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वणवा आला. सकाळी मी पोचले तेव्हा सगळा उतार राखेखाली मऊ, निःशब्द पडला होता. पाऊल टाकलं की राख हळूच तरंगत वर येई. काळ्या काड्यांच्या मधोमध बसून मी रडले.

रोपांना पाणी घालणारी वाडीतली हिराबाई माझ्यासोबत होती. तिने कोयता काढला आणि एक जळकं रोप थेट जमिनीलगत छाटलं.

"अगं, काय करतेस!" मी ओरडले.

"रडू नको गो बाय. वरचा जळलाय, मूळ नाय जळला. हात लावून बघ."

कापलेल्या बुंध्यात नखाएवढा ओला, पांढरट गोल होता. बोटाला गार लागला.

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी अख्खा उतार छाटला. तेव्हा प्रत्येक घावाला वाटे, आपणच त्यांचा शेवट करतोय. आता वाटतं, खरी लागवड आम्ही त्या दिवशी केली. सगळी रोपं फुटली नाहीत. पण जी फुटली ती तीन-तीन, चार-चार खोडांनी वर गेली, आणि हल्ली भर उन्हाळ्यात वाडीची गुरं तिथे सावलीला बसतात.