आज भाकरी कुठं शेकली?

पद्माताई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. बारामतीत त्यांच्या संस्थेची जीप मी चालवायचो. हल्ली तिथं सगळी माहिती मोबाइलवर भरतात. बोटानं ‘होय’ दाबलं की काम झालं. ते ‘होय’ बघितलं की मला ताईंची फार आठवण येते, आणि त्या ‘होय’चा रागही येतो.

ताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांची आई चुलीपुढं खोकून खोकून गेली. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी इंदापूर तालुक्यातल्या गावांत बिनधुराच्या चुली बांधून द्यायला सुरुवात केली. गॅस घरोघरी आला होता, पण तो चहापुरता. भाकरी चुलीवरचीच हवी, तिथं कुणाचं काही चालत नाही.

अहवाल दरवर्षी झकास निघायचा. कार्यकर्ते घरोघर विचारायचे, "चूल वापरता ना?" उत्तर ठरलेलं, "व्हय." आमचे खजिनदार आनंदराव त्या ‘व्हय’चा आकडा सभेत असा वाचायचे, जणू लेकीचा बोर्डाचा निकाल. ताईंना मात्र चैन नव्हतं. "निदान एका बाईचा तरी खोकला थांबला का, हे मला कुणीतरी सांगा," हे त्यांचं पालुपद.

एकदा आम्ही न कळवता सणसरला कुशाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिलो. ऐन स्वयंपाकाची वेळ. आमची चूल कोपऱ्यात, छान सारवलेली, हळदकुंकू लावलेली, वर कांद्यांची पाटी. कुशाबाई अंगणात तीन दगडांपुढं धुरात बसून भाकऱ्या थापत होत्या. आम्हाला बघून त्या चांगल्याच ओशाळल्या.

"कुशाबाई, ही पेटवत नाही तुम्ही?" ताईंनी विचारलं.

"भाकरी शेकायची कुठं, ताई? तव्यावरनं काढून इस्तवापुढं उभी केली तरच फुगती. तुमच्या चुलीला म्होरं जागाच न्हाय."

"मग इतकी वर्षं ‘व्हय’ का म्हणालात?"

"मानूस उन्हातानाचं दारात येतं. त्याला तोंडावर न्हाय कसं म्हनायचं?"

ताई उंबऱ्यावर मटकन बसल्या. "माझी आई अशीच शेकायची हो," त्या म्हणाल्या. "विसरलेच मी."

त्या वर्षी अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. चुली गावोगाव उभ्या आहेत, पेटतात थोड्याच. आनंदराव खवळले. "ताई, आपल्याच पायावर धोंडा? देणगीदार उठून जातील." काही गेलेही. ताई शांतपणे म्हणाल्या, "आपण चुली मोजत बसलो, आनंदराव. धूर मोजायचा राहिला."

मग त्यांनी प्रश्नच बदलला. ‘वापरता का’ बंद. विचारायचं, "आज भाकरी कुठं शेकली?" याला नुसतं ‘व्हय’ म्हणून भागत नाही, उठून जागा दाखवावी लागते. कार्यकर्ते कुरकुरले, कारण ऐकावं लागायचं ते कारल्याहून कडू. पण त्यातूनच चुलीचं तोंड रुंद झालं आणि पुढं विस्तव ओढायला जागा झाली. असे दिवस पुन्हा आले नाहीत. सगळे एकमेकांवर चिडलेले असायचे, तरी कामाला मजा होती.

पुण्याला जायच्या आधी ताई शेवटच्या सणसरला आल्या. कुशाबाई नव्या चुलीपुढं बसलेल्या, भाकरी टम्म फुगलेली.

"धूर गेला का हो?" ताईंनी विचारलं.

कुशाबाईंनी जरा विचार केला. "न्हाय. कमी झालाय, पर गेला न्हाय. पहाटंचा खोकला मातुर थांबलाय."

ताईंनी त्यांचा निरोप घेतला. जीपमध्ये बसल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. मी आपला गाडी हळू चालवत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"मला तोंडावर ‘न्हाय’ म्हणाल्या त्या," ताई म्हणाल्या. "म्हणजे खोकल्याचंही खरंच असणार."