मुहूर्ताचा पीस

"एनू आगूदिल्ल री!" म्हणजे, काहीही होत नाही हो. हे म्हणताना ते समोरच्याचा खांदा थोपटायचे, रडणाऱ्या बाळाला थोपटावं तसा. तुम्ही म्हणाल, त्यात वाईट काय? हुबळीत दिवसातून दहादा कोणीतरी कोणाला असं म्हणतंच. वाईट हे, की काय काय होऊ शकतं ते सांगणं हाच या गृहस्थांचा धंदा होता. कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोरापोरींना इजा होऊ नये म्हणून ते मालकांना सल्ला द्यायचे. आम्ही त्यांना सेफ्टीसर म्हणायचो.

मी पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. आमचे मालक मूळचे सांगलीकडचे, पण तीन पिढ्या इथंच. घरी मराठीत भांडतात आणि बाजारात कन्नडमध्ये भाव करतात. सर यायचे धारवाडहून, सप्तापूरला राहायचे. पांढरं हेल्मेट बसमध्येच डोक्यावर चढवलेलं असायचं. कारखान्यात पाऊल टाकलं की काढून टेबलावर ठेवायचे, कारण घाम येतो! तिथंच मी माणूस ओळखला.

मशिनजवळ जायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. आवाज होतो म्हणे. ऑफिसच्या काचेतूनच कारखाना 'तपासायचे', मग चहा, मग मिरची-भजी, आणि तेल पुसत पुसत व्याख्यान. असले महाभाग तुम्हीही पाहिले असतील.

पण व्याख्यान मात्र फर्मास, हे कबूल करायला हवं. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसला, हात आत जाऊ नये म्हणून, जाळी हवीच. हातात बांगड्या नकोत, वेणी बांधलेली हवी. नव्या माणसाशेजारी पहिले काही आठवडे जाणतं माणूस उभं हवं. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, "मालक, नवं पोर कधी नाही म्हणत नाही. कितीही भीती वाटली तरी हो म्हणतं. म्हणून आपणच त्याला विचारायचं असतं." काय सुंदर बोलायचे! ऐकून मालकांचेसुद्धा डोळे ओले व्हायचे. मग दोघं मिळून आणखी एक प्लेट मागवायचे.

गेल्या वर्षी आमच्याकडं रेणुका लागली. अळणावरजवळच्या खेड्यातली, नुकतीच अठरा पुरी झालेली. तिला पॅकिंगला बसवलं तर दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर येऊन उभी. "अक्का, मला मशिन पाहिजे. डबे भरायला काय कोण पण भरतंय." मला पोरगी आवडली. दुपारची सुट्टी झाली की प्रेसजवळ जाऊन उभी राहायची, शिकायची. बाकी कशालाही तिचं उत्तर एकच, "हो री."

खंडेनवमीला आमच्याकडं मशिनची पूजा असते. आदल्या दिवशी मशिन धुऊनपुसून प्रेसची जाळी काढून ठेवतात. का? तर कुंकू आणि हार थेट मशिनला लागला पाहिजे. जाळीला हार घालणं म्हणजे देवाला दाराबाहेरून नमस्कार करणं, असं मालकांच्या आईचं मत. तो हार दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत हलवायचा नाही. मुहूर्त म्हणजे दसऱ्याच्या सकाळी मशिन चालू करून एक पीस काढायचा, तोही सगळ्यांत नव्या माणसाच्या हातून. म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी येतं त्याच्या हातून, आणि जाळी नसलेल्या मशिनवर. वा रे वा!

त्या दसऱ्याला सर पाहुणे म्हणून हजर होते. मालकांनी त्यांना शाल पांघरली, हातात नारळ दिला, सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिली. मग हाक आली, "रेणुका, ये बाळ, लक्ष्मीच्या हातानं होऊ दे."

मी म्हटलं, "आधी जाळी बसवून घेऊ या की." मालकांनी सरांकडं बघितलं. मनापासून बघितलं हो, या माणसानं नको म्हटलं असतं तर मालक थांबले असते. एका शब्दाचं काम होतं.

"अक्का, एका पिसाला काय होतंय? एनू आगूदिल्ल री!" असं म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला.

रेणुकाला कोणीच विचारलं नाही. तिनं पत्रा ठेवला, पाय पायडलवर टेकवला. मालकांचा पुतण्या फोटो काढत होता, तो म्हणाला, "थांब, इकडं बघ." ती हसली. तेवढ्यात वर बांधलेला शेवंतीचा हार सुटून डायवर, म्हणजे पत्रा ठेवायच्या साच्यावर, घसरला. देवाचा हार चेंगरू नये म्हणून ती हात घालून पुढं वाकली, आणि वाकताना अंगाचा भार पायडलवरच्या पायावर आला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तिला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं, तेव्हा अंगणात सर मालकांना सांगत होते, "चूक तशी पोरीची आहे. हात घालायला नको होता तिनं." माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी विचारलं, "लाज वाटते का थोडी? नवं पोर नाही म्हणत नाही, हे कोण सांगत होतं इथं? भजी खात खात कोण सांगत होतं?" नारळ अजून त्यांच्या हातातच होता. माहीत नसतं तर मी सोडून दिलं असतं. या माणसाला सगळं माहीत होतं.

चार दिवसांनी मी दवाखान्यात रेणुकाजवळ बसले होते, तर हे दारात. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. रेणुका उठून बसायला धडपडली, कारण सर आलेत. त्यांनी कॉटवर एक पुडकं ठेवलं. "चामड्याचे आहेत. चांगले आहेत." हातमोजे! नवे कोरे, दोन्ही हातांचे. माझ्या मनात आलं, हे तोंडावर फेकून मारावेत.

रेणुका म्हणाली, "छान आहेत री, सर."

त्यांनी तिच्या बँडेज बांधलेल्या हाताकडं एकदा बघितलं आणि तसेच मागं वळून निघून गेले. मला दया आली, खोटं कशाला बोलू? पण थोडीच आली, आणि जिना उतरेपर्यंत संपलीसुद्धा.

त्यानंतर ते आमच्याकडं कधी आले नाहीत. एकदा धारवाडला सुभाष रोडवर दिसले. मला बघितलं आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले. मी रस्त्यावर चांगली ताटकळत उभी राहिले, पण गडी बाहेर येईना. भित्रा तो भित्राच.

प्रेसची जाळी आता मालकांनी अशी पक्की बसवून घेतलीय की ती असल्याशिवाय मशिन चालूच होत नाही. हार जाळीलाच घालायचा. आई कुरकुरतात, पण मालक ऐकत नाहीत.

रेणुका परवा कामावर आली. मालक तिला पॅकिंगला बसवत होते, तर म्हणते कशी, "मशिन नाही तर नाही, पत्र्याच्या कडा घासायला द्या." कडा हाताला कापतात, म्हणून तिनं पिशवीतून ते हातमोजे काढले. उजवा चढवला. दोन बोटं पोकळच राहिली, हात हलवला की नुसती लोंबायला लागली. तिनं ती आत दुमडून बघितली, परत बाहेर आली.

"अक्का, ही दोन कापून शिवून टाकली तर चालंल की नाही?"

मी खणातली कात्री काढली, पण मला काही ते जमेना. तिनंच ती माझ्या हातून डाव्या हातात घेतली आणि कापायला लागली. चामडं जाड होतं, तिला बराच वेळ लागला.