झेंडूचा टेम्पो

दसऱ्याची ती सकाळ काही केल्या विसरता येत नाही. दारात झेंडूचं तोरण लागलं की ती हटकून समोर उभी राहते, आणि मग श्रीखंडही गोड लागत नाही.

मी तेव्हा परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन असे. काय दिवस होते ते! रायफली पुसून लख्ख व्हायच्या, लॉकअपच्या गजांवरही माळा चढायच्या, आणि एरवी ड्युटीवरून भांडणारे शिपाई एका पंगतीत बसून एकमेकांना आग्रह करायचे. फुलं दादरच्या बाजारातून आणायचा आमचा नेहमीचा टेम्पोवाला. मूळ मालवणकडचा, बाप गिरणीत होता. पंच हवा असो की जप्तीचा माल हलवायचा असो, आमचं एकच, "त्याला फोन लावा रे!" पोलिसांची मैत्रीही नको आणि वैरही नको म्हणतात. तो बिचारा मैत्रीत सापडला होता.

त्या सकाळी फुलांऐवजी अपघाताची खबर आली. हिंदमाताच्या सिग्नलवर त्याच्या टेम्पोने रस्ता ओलांडणाऱ्या एका गृहस्थांना उडवलं होतं. गृहस्थ तिथल्याच साडीच्या दुकानात सेल्समन. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायचं काम, आणि मोडलं नेमकं मांडीचं हाड. टेम्पोवाला पळाला नाही. त्यानेच त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं आणि नंतर स्वतःहून ठाण्यात हजर झाला.

"ब्रेक लागलाच नाय, साहेब," एवढंच तो म्हणाला.

मला ते खरं मानायचं होतं, कारण माणूस आमचा होता. पंचनामा केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली, गाडी तपासणीला पाठवली.

दोन दिवसांनी एक वयस्क ख्रिश्चन बाई ठाण्यात आल्या. ऑफिसातून निवृत्त झालेल्या, सिग्नलसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. "ब्रेकबिक काय नाय, इन्स्पेक्टर. मी खिडकीत होती. त्याने मान अशी वाकडी केली, फोन खांद्यात धरला आणि सिग्नलकडे बघितलाच नाय. सही कुठे करू, सांगा."

त्याच संध्याकाळी वाहन निरीक्षकांचा अहवाल आला. ब्रेक उत्तम होते.

टेम्पोवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याच्या मोबाइलमधले सगळे कॉल जागेवर होते, फक्त त्या सकाळचे पुसलेले.

"कोणाचा फोन होता?"

तो गप्प.

"बायकोचा? की आणखी कुणा बाईचा?" मी आवाज चढवला. आज त्या शब्दांची लाज वाटते.

"माझी चूक, साहेब. काय ता माझ्यावर लिवा."

स्वतःला वाचवणारा माणूस चौकशीत भराभर बोलतो. दुसऱ्याला वाचवणारा गप्प बसतो. हे मला नोकरीने शिकवलं होतं, पण तो कोणाला वाचवतोय, हे काही कळेना.

मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशील मागवला. हवालदार एकेक नंबर वाचत होते. अपघाताच्या वेळेपाशी आले आणि थांबले.

"वाचा की."

"साहेब, हा आपलाच नंबर आहे. ठाण्याचा."

मग सगळं आठवलं. नवा कडक युनिफॉर्म घालून मी घड्याळाकडे बघत उभा होतो. ठाणे अंमलदाराला म्हणालो होतो, "मुहूर्त टळतोय, विचार त्याला कुठे तडमडलाय." त्याने फोन लावला आणि जरा वेळाने सांगितलं, "मध्येच लाइन तुटली, साहेब." मी म्हणालो होतो, "पुन्हा लाव."

वरिष्ठांनी समजावलं, "तो फोनवर होता एवढं पुरे आहे. नंबर कोणाचा, हे कशाला उगाळतोस?" मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण तपासाचे कागद मी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिले आणि साक्षीदार म्हणून स्वतःचा जबाब लिहून दिला. दोषारोपपत्र गेलं. निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याबद्दल भारतीय दंडविधानाची कलमं, शिवाय मोटार वाहन कायदा. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. काही महिने लायसन्स गेलं, टेम्पो दारात उभा राहिला. गाडी चालवताना फोन उचलणाऱ्याला कायद्यात कलम होतं. फोन लावायला सांगणाऱ्याला नव्हतं.

सेल्समनना भेटायला मी ठाकूरद्वारला त्यांच्या घरी गेलो. ते काठी घेऊन चालायला लागले होते, पण दुकानात आता बसून करायचं काम मिळालं होतं. "साडी बसून दाखवता येत नाही हो," ते म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, त्याने फोन उचलला नसता, तर ठाण्यात आल्यावर तुम्ही त्याला काय बोलला असता?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते त्यांच्या घरात उच्चारण्यासारखं नव्हतं.

फोनवर बोलणाऱ्या कितीतरी चालकांना मी भर रस्त्यात झापलं होतं. पलीकडून कोण बोलतंय आणि त्याला 'नंतर बोलतो' म्हणायची या माणसाची छाती आहे का, हे एकदाही विचारलं नव्हतं. आता कोणालाही फोन लावला की मी आधी विचारतो, गाडीवर आहेस का? 'हो' म्हणाला की ठेवून देतो. घरचे हसतात. हसू देत.

टेम्पोवाला अजून दर दसऱ्याला फोन करतो. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, टेम्पो बाजूक लावलंय, इंजिन बंद केलंय. आता बोला." मी शुभेच्छा देतो, मुलाबाळांची चौकशी करतो. माफी मात्र अजून मागितलेली नाही. ती फोनवर मागायची गोष्ट नव्हे. यंदा आपट्याचं सोनं घेऊन त्याच्या घरी जाणार आहे.