मागच्या खोलीची चूल

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले वाल, मध्ये कोमट पाण्याचं पातेलं, एका बाजूला ती, एका बाजूला मी. तिच्या बोटातून दाणा अख्खा बाहेर यायचा, माझ्या बोटात फुटायचा. ती म्हणाली, "अहो, सोलताय की भांडताय?" दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरताना ती खाली बसली ती उठलीच नाही. हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय. पण ते वाल माझ्या बोटात का फुटत होते — ते कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला, सुलूलाही नाही, पोटच्या मुलीलाही नाही. आज लिहितो. चौथीपर्यंत शिकलोय, जमेल तसं लिहितो.

डोंबिवलीत आमची चाळ पालिकेच्या जागेवर होती. तिथून रस्ता जायचा होता. चाळ पाडायच्या आधी लोकांना पालिकेने बांधलेल्या इमारतीत घरं द्यायची ठरलेली. किती घरं बांधायची, कशी बांधायची — मला वाटायचं साहेब लोक नकाशावर रेघा मारून ठरवतात. तसं नसतं. आधी एक मुलगी फॉर्म घेऊन दारात येते. आपण उंबऱ्यात उभं राहून जे बोलतो ते ती लिहिते. त्याची बेरीज होते, आणि त्या बेरजेवर भिंती उभ्या राहतात.

मुलगी चांगली होती. उन्हातान्हात फिरून चेहरा रापलेला, पण प्रत्येकाला काका-मावशी करून बोलायची. माणसं किती, कमावतं कोण, आणि मग विचारलंन — काका, घर दिलं तर महिन्याला किती हप्ता झेपेल तुम्हाला? उभी हयात मी घोडबंदर रोडला टॉवरच्या गेटवर वॉचमन होतो. वरच्या किती घरांना नुसतं कुलूप — घेऊन ठेवलेली, राहायला कोणी नाही. त्या गेटवर मला कधी कोणी विचारलं नव्हतं, बाबा रे, तुला काय झेपतं? या मुलीने विचारलं. आणि तिच्याशीच मी खोटं बोललो.

काय खोटं? सांगतो. पण त्याआधी वहिनीचं सांगायला लागेल.

शेवंतावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यावर मागच्या खोलीत एकटी राहायची. मूलबाळ नाही. पाच घरी पोळ्या करून पोट भरायची. दादाचं वर्षश्राद्ध झालं आणि तिने चूल वेगळी केली. भांडण नाही, तंटा नाही. "माझं मी करून खाते, भाऊजी," एवढंच म्हणाली. स्टोव्ह तर सुलूनेच दिला. दोघींचं बहिणीसारखं — इकडची आमटी तिकडे, तिकडची चटणी इकडे. पण लोकांना काय? विधवा भावजय, दिराने वेगळी काढली, असं बोलायला लागले. ते मला फार लागलं. मी चारचौघांत सांगत सुटायचो, आमचं एकच आहे.

तर त्या दिवशी मुलीने विचारलं, "काका, या घरात चुली किती?" आणि का विचारते तेही सांगितलंन. वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब, वेगळं कुटुंब म्हणजे वेगळं घर. म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही. पण गल्ली दाखवायला तिच्याबरोबर मंडळाचा एक कार्यकर्ता होता, पलीकडच्या आळीतला. तो हसत म्हणाला, "काय मामा, वहिनीला वेगळं काढलंत म्हणे?"

मी म्हटलं, एकच चूल.

सुलू रेशनला गेलेली. वहिनी पोळ्यांना. मागच्या खोलीला कुलूप. मुलीने मान वाकडी करून तिकडे बघितलं. मागे काय आहे, काका? मी म्हटलं — अडगळ आहे.

माझ्या भावाच्या बायकोचं घर. तिचा स्टोव्ह, तिची दोन पातेली, दादाचा फोटो. अडगळ. मुलीने वहिनीचं नाव माझ्या कुटुंबात खाली लिहिलं, मी इंग्रजी सही येत नाही म्हणून मराठीत सही केली, आणि ती पुढच्या दारात गेली. किती वेळ लागला असेल? चहा निवायच्या आत झालं सगळं. मला तर बरं वाटलेलं. त्या माणसाचं तोंड बंद केलं म्हणून.

यादी लागली तेव्हा सुलूने बोट फिरवत वाचली. ती सातवी शिकलेली. माझं नाव होतं, वहिनीचं वेगळं नव्हतं. सुलू खवळली. "त्या पोरीने मागे वळून बघितलं पण नाही वाटतं!" तेव्हा सांगता आलं असतं. दुरुस्तीला मुदत होती, वाक्य एकच होतं. मी म्हटलं, असेल तसंच.

आता या "असेल तसंच"ला काय म्हणायचं? पहिलं खोटं तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे नाही निसटलं. हे मी विचार करून बोललो.

मग सुलूने अर्ज लिहिला. मोजणाऱ्या मुलीने हलगर्जीपणा केला, एका विधवेचं घर बुडवलं — तिच्या गोल अक्षरात. खाली कुटुंबप्रमुखाची सही पाहिजे म्हणाली. मी केली. दोघी जावा वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या मारायला लागल्या. या खिडकीवरून त्या खिडकीवर, आधार कार्ड, लाईट बिल, परत या. सुलूचे पाय सुजायचे. मी घरी तेल कोमट करून द्यायचो. तेल कोमट करून द्यायचो, आणि गप्प बसायचो. एकदा येऊन म्हणाली, त्या मुलीला काम देणं थांबवलंय, सुनावणी होईपर्यंत. "बरं झालं," असं म्हणाली. सुलू तशी कोणाचं वाईट चिंतणारी नव्हती. तिच्या तोंडात ते मी घातलं.

वाल सोलताना ती सांगत होती, परवा सुनावणी आहे. ती मुलगी पण येणार, समोरासमोर होऊ दे. "तुम्ही पण चला. पुरुषमाणूस असला की ऐकतात." म्हणून दाणे फुटत होते.

चाळ आता नाही. मी सातव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. वहिनीला म्हटलं माझ्याकडे राहा. ती म्हणाली, सुलू असती तर राहिले असते. टिटवाळ्याला भाड्याच्या खोलीत असते. या वयात पोळ्या लाटते आणि त्यातलं अर्धं खोलीला देते. कधी आली तर विचारते, कचेरीतून काही कागद आला का? मी नाही म्हणतो. इमारतीत तिच्यासाठी घर रिकामं नाही, कारण मोजणीत एक कमी होतं म्हणून बांधणीतही एक कमी. बाकीच्या चाळींतही माझ्यासारखा एकेक असेल का? असला तर किती घरं बांधायचीच राहिली असतील? मला रोज हे सुचतं. कोणाला जाऊन सांगत नाही.

वहिनीला वाचता येत नाही. म्हणूनच मी हे सांगायच्या ऐवजी लिहितोय, असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही.

राहिलं ते एवढंच. सुलूला त्याच दुपारी पोचवली. मी रडलो. खोटं नाही रडलो. पण तिथे लाकडांपुढे उभा असताना माझ्या मनात आलं — आता सुनावणी होणार नाही. बायको जळत होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं. थोडा वेळच. पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलेलं होतं. मी चप्पल घातली. सुतकात कुठे निघालात, कोणीतरी विचारलं. जरा पाय मोकळे करतो म्हटलं. ऑफिस उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो, ती मुलगी यायच्या आधी. कारकुनाला सांगितलं, अर्जदार बाई वारली. तो हळहळला. म्हणाला, पती म्हणून तुम्हाला पुढे चालवता येईल, नाहीतर अर्ज बंद करावा लागेल. मी म्हटलं, बंद करा. त्याने विचारलं, मग त्या मुलीचं काय? मी म्हटलं, ते तुम्ही बघा. आणि सही केली.

परत आलो तर वहिनी दारातच बसलेली. तिने ओळखलं मी कुठे जाऊन आलो ते. "काय म्हणाले, भाऊजी?"

"पुढची तारीख देतो म्हणाले."

तिने डोळे पुसले. म्हणाली, आजच्या दिवशी पण गेलात माझ्यासाठी. मी टॉवेल घेतला आणि आंघोळीला गेलो.