जाळीमागचा मासा

नवी गाडी घेऊन सांगबोक घरी आला, त्या संध्याकाळी त्याने बायकोला आधी मागच्या सीटवर बसवलं. मालसुक बूट काढून आत शिरली.

"अगं, बूट कशाला काढतेस? देऊळ आहे का हे?"

"एवढा पांढरा गालिचा! माझ्या बुटांना मासळीबाजाराचा चिखल लागलाय. उद्या तो अध्यक्षसाहेबांच्या पायाखाली जायचा."

त्याने बटण दाबलं. पुढची सीट अदबीने बाजूला सरकली, तिच्या सीटची पाठ मागे कलली, पोटऱ्यांखाली उशीसारखं काहीतरी वर आलं, आणि पाठीत हलक्या मुठी फिरायला लागल्या. मालसुक दचकली. "अगंबाई! कोण हे?" दार ओढायला गेली, तर तेही आपसूक मिटलं. अंगणात मुलं बोंबलत होती, पण आत चिडीचूप.

प्यो सांगबोक चांगवॉन शहरातल्या एका बोल्टच्या कारखान्यात अध्यक्षांचा ड्रायव्हर होता. आधी थोरल्या योमसाहेबांचा, ते गेल्यावर त्यांच्या मुलाचा. तो ब्रेक लावतो ते मागे बसणाऱ्याला कळत नाही, अशी त्याची ख्याती होती. पण ही गाडी त्याच्याही वरचढ निघाली. रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या मधून आपली आपण चाले. पुढची गाडी हळू झाली की हीही हळू. माणूस आडवा आला तर सांगबोकने पाय उचलण्याआधी हिचा ब्रेक लागलेला असे. त्याची नजर रस्त्यावरून ढळली तर घंटी वाजवून त्यालाच दटावे.

"आता मी कशाला?" तो हसत म्हणाला. "दार उघडून वाकायला. आणि दारही ती स्वतःच उघडते."

तो हसला खरा, पण मालसुकला ते हसू आवडलं नाही. तिने विचारलं, "पूजा झाली का गाडीची?"

"नाव काढू नकोस! थोरल्या साहेबांचे दिवस गेले. तेव्हा डुकराचं मुंडकं मांडायचो, चाकांवर तांदळाची दारू ओतायचो. धाकटे साहेब चर्चच्या पंचमंडळातले. त्यांना हे सगळं सैतानाचं वाटतं."

मालसुकच्या जिवाला मात्र चैन पडेना. पूजा न झालेल्या गाडीत नवऱ्याने दिवसभर बसायचं? पहाटे देवळाला निघायच्या आधी ती त्याच्या कोटातली किल्ली घेऊन खाली गेली. बॉनेट कसं उघडतात ते तिने पाहिलेलं होतं. हातात अख्खा सुका मासा होता, तोंड उघडं, डोळे शाबूत, अंगाभोवती निळ्या धाग्याची जोड दिलेला पांढरा दोरा गुंडाळलेला. अपघात अंगावर घेतो म्हणतात तो. पुढच्या जाळीच्या मागे फट होती, तिथे तिने तो दोऱ्याने घट्ट टांगला आणि हात जोडले. खरं तर गाडीत बसणाऱ्यांच्या रक्षणासाठी मागायचं असतं. तिच्या तोंडून भलतंच निघालं, "माझ्या माणसाचं काम या यंत्राने खाऊ नये." देवापुढे असं वाकडं मागायला तिला लाज वाटली, पण मागून झालं होतं.

काही आठवडे बरे गेले. मग एका संध्याकाळी सांगबोक ताटावर बसला आणि नुसता भात चिवडत राहिला.

"बरं वाटत नाहीये का?"

"साहेबांना वाटतं, मी गाडीत खोडी केली."

बोगद्यात हे घडलं होतं. साहेब मागे पाय पसरून झोपलेले, गाडी आपली आपण चाललेली. एकदम घंटी वाजली आणि पडद्यावर अक्षरं आली: पुढे अडथळा, चालक-मदत बंद. पुढचा ट्रक थांबत होता. सांगबोकने स्वतःच्या पायाने ब्रेक मारला, गाडी वाचली, पण साहेब जागे होऊन सीटवरून घसरले. तेव्हापासून ती अक्षरं रोज येत होती.

"म्हणाले, 'प्यो ड्रायव्हर, यंत्र आल्यापासून तुमचं तोंड उतरलंय. ते बंद पडावं असं काही केलंत का तुम्ही?' मला, मालसुक! त्यांना बालवाडीत सोडायला मी जायचो." त्याने पाण्याचा घोट घेतला. "उद्या सर्व्हिसवाले पुढची जाळी उघडणार आहेत. उघडू देत. सगळ्यांसमोर उघडू देत. मी काही केलेलं नाही, म्हणजे माझं तोंड आपोआप उजळेल."

पुढची जाळी. मालसुकच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

त्याच घडीला सांगायला हवं होतं. 'अहो, माझ्या हातून चूक झाली,' एवढंच. पण इतक्या विश्वासाने तो बोलत होता की तिला ते सांगवेना. तिने मनाशी म्हटलं, कदाचित दुसरंच काही असेल. पान असेल, कागद असेल. गाडी आता कारखान्यातच मुक्कामाला होती. जाऊन काढून आणायची सोय नव्हती. तिने त्याला आणखी भात वाढला. वाढण्यासारखं तेवढंच तिच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या खाणावळीतल्या पिलनामताईंचा फोन आला. दोघी एकाच देवळात जायच्या.

"मालसुक, बसली आहेस का? नसलीस तर बस. अगं, शेपटीला धरून ओढला ग मासा! सगळे गोळा झालेले. तो सर्व्हिसवाला म्हणतो, 'साहेब, दोरा सैल झालाय. गाडी ज्याने रस्ता बघते त्या रडारसमोर जेवण लोंबतंय.' ऑफिसातली पोरं हसून लोळली. साहेब लालबुंद. दर रविवारी चर्चला हा मासा बरोबर नेला म्हणे!"

"आणि... आमचे हे?"

"तुझा नवरा माशाकडे बघत राहिला. मग वाकून म्हणाला, 'मीच बांधला. माझी चूक.' त्याला सामानाच्या टेम्पोवर टाकलंय आता. पोरं विचारतात, 'प्यो काका, टेम्पोला काय, खेकडा बांधणार का?'"

मालसुकने फोन ठेवला आणि तिचं तोंड कानापर्यंत तापलं. दोऱ्याची गाठ त्याने ओळखली असणार. त्याच्या शर्टाची बटणं ती तशाच गाठीने शिवायची.

संध्याकाळी तो आला, हात धुतले, जेवला. माशाबद्दल अक्षर काढलं नाही. "टेम्पोत बसलं की रस्ता उंचावरून दिसतो," एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या गप्प बसण्याने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. पहाटे देवळात तिने वाकायचा प्रयत्न केला, पण कपाळ जमिनीला टेकेना. माणसासमोर खोटं राहून देवासमोर कसलं वाकायचं?

देवळातून ती तडक कारखान्यावर गेली. अध्यक्ष योम गाडीतून उतरतच होते. पलीकडे पोरं टेम्पोत माल भरत होती. सांगबोक आत असावा.

"साहेब, तो मासा मी बांधला. यांना ठाऊकच नव्हतं."

साहेब थबकले. "काकू, त्यांच्या नोकरीसाठी बोलताय ना हे?"

"दोऱ्याला मधे निळा धागा आहे. माझ्या शिलाईच्या पेटीतला. मागवून बघा."

साहेबांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "सगळी माणसं हसत होती. मीही नको ते बोललो, त्यांच्या वयाचा मान न ठेवता. आणि त्यांनी तुमचं नावही घेतलं नाही." त्यांनी मान खाली घातली. "सोमवारी त्यांनी गाडीवर यावं. मी स्वतः सांगेन त्यांना."

मालसुक परत निघाली. छाती हलकी व्हायला हवी होती, झाली नाही. साहेबांना सांगितलं ते अर्धंच होतं.

संध्याकाळी सांगबोक लगबगीने आला. चपला उलट्यासुलट्या पडल्या. "कशाला गेलीस तिथे? सगळ्यांच्या देखत!" पण ताटावर बसताना आवाजात राग फारसा नव्हता. "साहेबांनी हात धरला माझा. जाऊ दे. तू भाबडी, तुला काय माहीत रडार कुठे असतं? तुझ्या भक्तीत खोट नव्हती, म्हणून तर मी पुढे झालो."

"मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही जाळी म्हणालात, तेव्हाच. जेवताना. मला कळलं होतं, आणि मी तुम्हाला भात वाढला. सकाळी हसतमुखाने पाठवलं."

सांगबोकने तिच्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे बघावं तसं. तो काही बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. एखादी शिवी, एखादा टोमणा, काहीही. त्याने पुढ्यातलं सूप चमच्याने ढवळलं आणि वाटी पुढे सरकवली.

"गार झालंय."

ती वाटी घेऊन गॅसपाशी गेली. सूप उकळलं, भांड्याबाहेर उतू गेलं, तरी ती पाठ वळवून तिथेच उभी राहिली.